कयाकावरील मत्स्यशोधक यंत्र व त्याची बॅटरी

बाजारांत जाऊन "बारा व्होल्टांची एक बॅटरी द्या" असें म्हणणें म्हणजे बियाणाच्या दुकानांत जाऊन "एक पिशवी बी द्या" असें म्हणण्यासारखें आहे. कोणत्या जातीचें, किती एकरांस, कोणत्या जमिनीस, हें कांहींच न सांगतां मागितलेलें बी दुकानदाराच्या सोयीचें असतें, आपल्या नव्हे. बॅटरीचेंहि तसेंच आहे. ती कोणत्या यंत्रास जोडावयाची, तें यंत्र किती वेळ चालवावयाचें, आणि ती कोठें ठेवावयाची, या तीन गोष्टी ठरविल्यावांचून केलेली खरेदी बहुधा दोनदां करावी लागते.

हा हिशेब शिकण्यास एक लहानसें व स्वच्छ उदाहरण असावें म्हणून आम्हीं परदेशांतील एक यंत्र निवडलें आहे. त्यांत एकच यंत्र, एकच बॅटरी व एकच माणूस असल्यामुळें हिशेबांत गुंतागुंत नाहीं. तो एकदां समजला म्हणजे पाठीवरचा औषधफवारणीचा पंप, कुंपणाचें झटका यंत्र, किंवा रात्रीचा दिवा यांसहि तोच लागू करतां येतो.

यंत्राची ओळख

कयाक ही ग्रीनलंड, अलास्का व उत्तर कॅनडा येथील इनुइट लोकांची अरुंद होडी. लांकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचें कातडें ताणून ती करीत, व तींतून समुद्रांत शिकार करीत. हल्लीं अमेरिकेंत हीच होडी प्लास्टिकची मिळते. मिनेसोटा राज्यांत हजारों नैसर्गिक सरोवरें आहेत. तेथील हौशी मासेमार एकटेच कयाकांत बसून, वल्हें मारीत, सबंध दिवस पाण्यावर घालवितात. त्यांच्यापाशीं मत्स्यशोधक नांवाचें एक लहान यंत्र असतें.

या यंत्राचें तत्त्व सोपें आहे. तें पाण्यांत ध्वनीचे ठोके सोडतें व तळावरून किंवा माशांच्या अंगावरून परत येणारा पडसाद टिपतें. पाण्यांत ध्वनि सेकंदास सुमारें १,५०० मीटर जातो. पडसाद सेकंदाच्या शंभराव्या भागांत परत आला तर जाऊन येऊन १५ मीटर अंतर झालें. अर्थात् खोली साडेसात मीटर. जपानांतील फुरुनो बंधूंनीं १९४८ सालीं मासेमारीस उपयोगी असें यंत्र प्रथम व्यवहारांत आणलें. पुढें तें लहान होत होत तळहाताएवढ्या पडद्याचें झालें.

आमच्या वाचकांस याचा प्रत्यक्ष उपयोगहि नाहीं असें नाहीं. शेततळ्यांत किंवा गांवच्या पाझर तलावांत गाळ किती सांचला हें पाहण्यासाठीं लहान होडींतून दोरीच्या खुणेनें दर दहा मीटरांवर खोली मोजतां येते. मात्र त्या दिवशींची पाण्याची पातळी सांडव्याच्या माथ्यापासून किती खालीं होती, ही नोंद त्याच कागदावर केली पाहिजे. नाहीं तर या वर्षींची खोली पुढील वर्षाच्या खोलीशीं ताडून पाहतां येणार नाहीं.

चार शब्दांचा अर्थ

व्होल्ट, अँपिअर, अँपिअर-तास व वॉट-तास हे चार शब्द समजल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. उंचावर बांधलेल्या हौदाचें उदाहरण घ्यावें. हौदाची उंची, जिच्यामुळें पाण्यास जोर येतो, ते व्होल्ट. नळांतून एका वेळीं वाहणारें पाणी, ते अँपिअर. हौदांत एकंदर सांठलेलें पाणी, ते अँपिअर-तास. आणि तें सर्व पाणी त्या उंचीवरून खालीं येतांना जेवढें काम करील, ते वॉट-तास. म्हणून व्होल्टांस अँपिअर-तासांनीं गुणिलें म्हणजे वॉट-तास येतात. १२ व्होल्ट व ७ अँपिअर-तास यांची बॅटरी म्हणजे ८४ वॉट-तासांचा सांठा.

येथें एक फसगत सांगणें जरूर आहे. मोबाइलास वीज देणाऱ्या पेटीवर "२०,००० मिलि-अँपिअर-तास" असा मोठा आंकडा छापलेला असतो, व पाहणारास ती २० अँपिअर-तासांची बॅटरी वाटते. परंतु तो आंकडा आंतील ३.७ व्होल्टांच्या घटाचा असतो. २० गुणिले ३.७ म्हणजे ७४ वॉट-तास. बारा व्होल्टांच्या हिशेबानें सहा अँपिअर-तासांच्या किंचित् वर. हौद मोठा खरा, पण जमिनीलगत बांधलेला! म्हणून दोन निरनिराळ्या जातींच्या बॅटऱ्या ताडून पाहतांना नेहमीं वॉट-तास पाहावेत.

गरजेचा हिशेब

आतां मुख्य हिशेब. यंत्र किती अँपिअर घेतें तें त्याच्या पुस्तिकेंत दिलेलें असतें. समजा, पांच इंची पडद्याचें यंत्र ०.६ अँपिअर घेतें व मासेमार आठ तास पाण्यावर राहतो. ०.६ गुणिले ८ म्हणजे ४.८ अँपिअर-तास. भर उन्हांत पडदा दिसावा म्हणून उजेड वाढविला तर खर्च वाढतो, बॅटरी जुनी झाली म्हणजे सांठा घटतो, आणि परतण्यास कधीं उशीर होतो. म्हणून चतुर्थांश अधिक धरावा. असे ६ अँपिअर-तास झाले. ही यंत्राची खरी गरज होय. पडदा मोठा तसा खर्चहि मोठा. नऊ इंची यंत्राचा खर्च याच्या तिप्पट-चौपट होऊं शकतो. म्हणून शेजाऱ्याच्या बॅटरीवरून आपली बॅटरी ठरवूं नये.

परंतु सहाची गरज म्हणून सहाची बॅटरी घेणें बरोबर नव्हे. कोणत्या जातीच्या बॅटरींतून किती भाग उपसावा, हें जातीवर अवलंबून आहे.

शिशाची बॅटरी

फ्रान्समधील गास्ताँ प्लांते यांनीं १८५९ सालीं शिशाची, पुन्हां पुन्हां भरतां येणारी बॅटरी प्रथम तयार केली. शिशाच्या पट्ट्या व गंधकाम्ल हें तिचें मर्म आजहि तेंच आहे. लहान यंत्रांस लागणारी बॅटरी बंद तोंडाची असते. तींत पाणी घालावें लागत नाहीं व ती कलंडली तरी आम्ल सांडत नाहीं.

तिचा मोठा गुण म्हणजे ती स्वस्त आहे, तालुक्याच्या गांवीं मिळते, आणि जुनी झाल्यावर शिशाचे थोडेबहुत पैसे परत येतात. दोष तीन आहेत. पहिला वजनाचा. ७ अँपिअर-तासांची बॅटरी दोन किलोंहून जड भरते, बाराची चार किलोंच्या घरांत जाते. दुसरा दोष असा कीं, ती तळापर्यंत उपसली तर लवकर मरते. दर खेपेस अर्धीच वापरली तर सुमारें चारशें खेपा चालणारी बॅटरी, दर खेपेस पूर्ण रिती केल्यास त्याच्या निम्म्या खेपांत निकामी होते. रिती करून तशीच ठेवली तर पट्ट्यांवर कठीण थर बसतो व मग ती भरतच नाहीं. म्हणून सहाच्या गरजेस शिशाची बारा अँपिअर-तासांची बॅटरी हें योग्य माप होय.

तिसरा दोष पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. तिच्यावर छापलेला आंकडा वीस तासांत हळूहळू उपसल्यास मिळणारा असतो. एकदम जोरानें उपसल्यास सांठा कमी पडतो. याचा नियम पॉयकर्ट या जर्मन शास्त्रज्ञानें १८९७ सालीं मांडला. मत्स्यशोधक यंत्र मंद गतीनें वीज घेतें, म्हणून तेथें ही तूट थोडी. फवारणीच्या पंपास मात्र ती चांगलीच जाणवते.

लिथियमची बॅटरी

लिथियमच्या बॅटऱ्या १९९१ सालीं जपानांत प्रथम विक्रीस आल्या. त्यांच्या शोधाबद्दल जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम व अकिरा योशिनो यांस २०१९ सालचें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. पण "लिथियम" हें एका कुळाचें नांव आहे, एका जातीचें नव्हे. आणि बाजारांत घोटाळा होतो तो येथेंच.

पहिली जात लिथियम-लोह-फॉस्फेट. गुडइनफ व त्यांचे सहकारी यांनीं अमेरिकेंत १९९७ सालीं ती प्रसिद्ध केली. तिचा एक घट ३.२ व्होल्टांचा, असे चार घट जोडले म्हणजे १२.८ व्होल्ट होतात, व ते शिशाच्या बारा व्होल्टांशीं जुळतात. तींतून ऐंशीं टक्के सांठा निःशंकपणें उपसतां येतो, आणि चांगल्या मालाच्या दोन हजार खेपा होऊं शकतात. सहाची गरज ऐंशीं टक्क्यांत बसवावयाची तर साडेसात अँपिअर-तास लागतात. बाजारांतील आठाची किंवा दहाची बॅटरी पुरे. दहाच्या बॅटरीचें वजन सुमारें सव्वा किलो असतें. शिवाय ती बहुतेक शेवटपर्यंत आपले व्होल्ट टिकवून धरते. यांत एक तोटाहि आहे: किती सांठा उरला हें व्होल्ट पाहून कळत नाहीं, आणि ती संपते तेव्हां आंतील रक्षक-चक्र तिला एकदम बंद करतें. म्हणून तासांचा हिशेब ठेवावा.

दुसरी जात निकेल, मँगेनीज व कोबाल्ट यांची. ती वजनास याहून हलकी, पण तापली असतां अधिक भडकणारी. तिचे तीन घट जोडले तर पूर्ण भरल्यावर १२.६ व्होल्ट होतात, व रिती होतांना ती ९ व्होल्टांपर्यंत उतरते. पुष्कळ मत्स्यशोधक यंत्रें दहाच्या आसपास बंद पडतात. म्हणजे बॅटरींत वीज शिल्लक असून यंत्र बंद! म्हणून यंत्र किमान व कमाल किती व्होल्ट सहन करतें तें पुस्तिकेंत पाहावें, आणि बॅटरीचे भरलेले व रिते असे दोन्ही आंकडे त्या मर्यादेंत बसतात कीं नाहीं तें ताडावें. आमचें मत विचाराल तर नवख्या माणसानें पहिलीच जात घ्यावी.

खर्चाची खतावणी

भाव गांवोगांव निराळे व दर वर्षीं बदलणारे, म्हणून पुढील आंकडे केवळ रीत दाखविण्यासाठीं कल्पिले आहेत. वाचकांनीं आपल्या बाजारचे आंकडे घालावेत. समजा, शिशाची बारा अँपिअर-तासांची बॅटरी १,८०० रुपयांस मिळते. ती चारशें खेपा चालते, परंतु वापरली अगर न वापरली तरी चार वर्षांत म्हातारी होते. लिथियम-लोह-फॉस्फेटची दहाची ४,५०० रुपयांस मिळते. ती दोन हजार खेपा किंवा दहा वर्षें टिकते.

वर्षांतून वीस दिवस पाण्यावर जाणाऱ्यास शिशाची बॅटरी चार वर्षें पुरेल. वर्षास ४५० रुपये. लिथियमची दहा वर्षें पुरेल. वर्षास ४५० रुपयेच. दोन्ही पारडीं सारखीं झालीं! वर्षास शंभर दिवस वापर असला तरी हिशेब बदलत नाहीं, कारण शिशाच्या चारशें खेपा चार वर्षांतच भरतात. पण वर्षास दोनशें दिवस वापर झाला तर शिशाची बॅटरी दोन वर्षांत संपून वर्षाचा खर्च ९०० रुपये होतो, व लिथियमचा ४५० रुपयेच राहतो. तात्पर्य, थोड्या वापरास "महाग ती शेवटीं स्वस्त" हें वचन खरें ठरतेंच असें नाहीं. तेथें निवड पैशावर नव्हे तर वजनावर होते. आणि कयाकासारख्या अरुंद होडींत, जेथें माणूस, त्याचें सामान व पाणी हें सर्व तोलून बसवावें लागतें, तेथें अडीच किलोंची बचत लहान नव्हे. उलट, कुंपणाच्या कडेला पेटींत बसून राहणाऱ्या बॅटरीस हलकेपणाचा कांहीं उपयोग नाहीं.

बसविण्याची काळजी

यंत्र बंद पडल्यानें होडी बुडत नाहीं. पण बॅटरी नीट न बसविल्यानें संकट येऊं शकतें. ती शक्य तितकी तळाशीं व मध्यभागीं ठेवून पट्ट्यानें बांधावी. सैल बॅटरी एका बाजूस घसरली म्हणजे होडीचा तोल जातो. धन टोंकाच्या तारेवर, बॅटरीच्या अगदीं जवळ, पुस्तिकेंत सांगितलेल्या मापाचा फ्यूज घालावा. लहान यंत्रास तो बहुधा ३ अँपिअरचा असतो. लहानशा बॅटरींतूनहि तारा एकमेकींस टेंकल्या तर तार लाल होण्याइतकी वीज वाहते. हा फ्यूज रुपये-दोन रुपयांची वस्तु, पण बॅटरी, यंत्र व माणूस या तिघांचा पहारेकरी आहे.

बॅटरी पाण्यापासून जपावी, विशेषतः खाऱ्या पाण्यापासून. त्यानें सांधे हिरवे पडून खातात. बंद पेटींत ठेवल्यास उत्तमच, पण शिशाची बॅटरी भरतांना ती पेटीबाहेर काढावी, कारण तिच्यांतून हायड्रोजन वायु निघूं शकतो व तो ठिणगीनें पेटतो. होडी ढकलण्यास विजेची मोटार असेल तर तिला निराळी बॅटरी ठेवावी. एकाच बॅटरीवर दोन्ही चालविल्यास पडद्यावर खोट्या रेघा व ठिपके उमटतात. आणि बॅटरी कितीहि चांगली असली तरी अंगांत तरंगजाकीट घातल्याशिवाय पाण्यावर जाऊं नये.

भरणें व ठेवणें

ज्या जातीची बॅटरी त्याच जातीचा चार्जर. लोह-फॉस्फेटच्या चार घटांस १४.६ व्होल्टांचा चार्जर चालतो, तोच १२.६ व्होल्टांच्या तीन घटांस लावला तर आग लागण्याचा धोका आहे. दोन्ही चार्जर घरांत असल्यास त्यांस निरनिराळ्या रंगांच्या चिठ्ठ्या चिकटवाव्यात. फुगलेली किंवा हातास चटका देणारी बॅटरी पुन्हां भरूं नये. निजण्याच्या खोलींत अगर कडब्याच्या गंजीजवळ कोणतीहि बॅटरी भरूं नये.

मिनेसोटांत हिवाळ्यांत सरोवरें गोठतात. तेथें लिथियमची बॅटरी शून्य अंशाखालीं भरली तर ती कायमची बिघडते, म्हणून ती घरांत आणून, ऊब आल्यावर भरतात. आपल्याकडे शत्रु थंडी नसून ऊन आहे. शिशाच्या बॅटरीचें आयुष्य दर दहा अंश उष्णता वाढली म्हणजे सुमारें निम्में होतें, असा ठोकताळा आहे. विदर्भ-मराठवाड्यांत वैशाखांत पत्र्याच्या खोपींत ठेवलेली बॅटरी न वापरतांच मरते ती यामुळें. शिशाची बॅटरी नेहमीं पूर्ण भरून ठेवावी व दर दोन-तीन महिन्यांनीं पुन्हां भरावी. लिथियमची सुमारें अर्धी भरून थंड जागीं ठेवावी.

हाच हिशेब आपल्या शेतावर

पाठीवरच्या पंपास बहुधा १२ व्होल्ट, ८ अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी येते. पंप ३ अँपिअर घेतो असें धरलें तर तीन तासांस ९ अँपिअर-तास लागतात. म्हणजे आठाची बॅटरी तीन तास पुरणारच नाहीं. त्यांतहि जोरानें उपसल्यामुळें आठाचे आठ मिळत नाहींत. बॅटरीस दोष देण्यापूर्वीं हें गणित करावें.

झटका यंत्राचें उदाहरण याच्या उलट. तें सरासरी ०.२ अँपिअर घेतें व रात्रीं बारा तास चालतें असें धरूं. एका रात्रीस २.४, आणि पावसाळ्यांत तीन दिवस सूर्यदर्शन झालें नाहीं तर ७.२ अँपिअर-तास. चतुर्थांश वाढवून ९, व शिशाची बॅटरी अर्धीच वापरावयाची म्हणून १८ अँपिअर-तास. येथें कमी मापाची बॅटरी घेणारा शेतकरी नेमका त्या रात्रीं उघडा पडतो ज्या रात्रीं रानडुकरें ज्वारींत शिरतात. आणि मग चिडून कुंपणास घरची वीज जोडण्याचा मोह होतो. तो कोणींहि धरूं नये. झटका यंत्र क्षणमात्र ठोका देऊन सोडतें. घरची वीज धरून ठेवते. अशा कुंपणास शिवून माणसें व गुरें मेलीं आहेत, आणि असें करणें हा गुन्हा आहे. पुरेशा मापाची बॅटरी घेणें ही येथें काटकसरीची नव्हे, जीविताची गोष्ट आहे.

सारांश, खरेदीपूर्वीं कागदावर पांच ओळी लिहाव्यात: यंत्र किती अँपिअर घेतें, तें किती तास चालावयाचें, चतुर्थांश वाढवून किती झाले, जातीप्रमाणें त्यास अर्ध्यानें कीं ऐंशीं टक्क्यांनीं भागावयाचें, आणि यंत्राची व्होल्टांची मर्यादा कोणती. हा कागद दुकानदारापुढें ठेवावा. शेवटीं, जुनी बॅटरी विहिरींत, बांधावर अगर उकिरड्यावर टाकूं नये. शिसें जमिनींत उतरलें म्हणजे तें पिकांत व पाण्यांत येतें. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणें जुन्या बॅटऱ्यांच्या विल्हेवाटीची जबाबदारी उत्पादकांवर आहे. म्हणून नवी घेतांनाच जुनी दुकानांत परत करावी व तिचें मोल बिलांत वजा करून घ्यावें.